रस्त्यातली होडी

२ फेब्रुवारी
सकाळी सहा, सारसोळे. जमिनीखालचं दाखवणारी रडारची गाडी रस्त्यावरून फिरवली आणि स्क्रीनवर पोकळी दिसली! डांबराच्या हातभर खाली. पुढे कुठवर जाते ते कळलं नाही, कारण कोळणींनी नेमकी तिथेच एक मोडकी होडी टाकून ठेवली आहे. टँकर, टेम्पो सगळे तिला वळसा घालून जातात. केयूर — माझा सीनियर, दुर्दैव माझं — म्हणाला, "क्रांती, तुला सगळीकडे भोकंच दिसतात."

३ फेब्रुवारी
नियम दाखवला त्याने. आठवड्याने, त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा तपासणी. ठीक आहे. बघच तू.

९ फेब्रुवारी
कोरं! तीच जागा, तेच सहा वाजता, आणि स्क्रीनवर खाली काहीच नाही. केयूरने सगळं ऑफिस माझ्या टेबलापाशी जमवलं. "भूत पळालं वाटतं!" सगळे हसले. अहवालात 'दोष नाही'. खाली सही माझी, त्यानेच करायला लावली. चार वर्षं झाली इथे, अजून माझा शब्द म्हणजे यांचा टाइमपास.

१० फेब्रुवारी
पोकळीचा मोठा भाग होडीखालीच असणार. होडी हलू दे, एकेकाला दाखवते. महापालिकेत तक्रार टाकली. 'रस्त्यावर अतिक्रमण' असं लिहिलं.

१४ फेब्रुवारी
क्रेनने होडी नेली. रडारची गाडी आता सोमवारीच मिळणार. कोपऱ्यावर मासळी विकणारी गोजरामावशी माझ्या गाडीमागे धावत आली. "आमी काय मजा म्हनून ठेवली व्हती?" मी काच वर केली.

१५ फेब्रुवारी
रविवार. चैन पडेना म्हणून तिथे गेले. मावशीने पाणी दिलं, मग सांगितलं, "हितं आदी मिठागर व्हतं. खाडीचं पानी याच वाटंनं यायचं. वर रस्ता झाला, पन पानी वाट इसरत नाय. भरतीला भरतं, ओहोटीला खाली सगला पोकल. गाड्या बाजूनं जाव्या म्हनून होडी ठेवली."

दोन तारखेला सहा वाजता ओहोटी होती. नऊला त्याच वेळी भरती! खारं पाणी रडारच्या लहरी गिळून टाकतं, स्क्रीन कोरी दिसते. आणि कोरं म्हणजे चांगलं, असं आम्ही लिहून मोकळे. मी लिहून मोकळी. लाज वाटली.

रस्ता बंद करायला हवा म्हणून केयूरला फोन केला. "आज संडे आहे यार. उद्या बघू." हलकट! दोन केशरी कोन ठेवले, मावशीला तिथे उभं राहू नका म्हटलं. घरी आले. जेवले.

१६ फेब्रुवारी
कोन रात्रीतच कुणीतरी पळवले होते. सकाळी सहाला, ओहोटीच्या वेळी, टँकर सरळ येताना बघून मावशी होडीच्या जागी हात पसरून उभी राहिली. ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि पुढचा रस्ता तिच्यासकट खचला. कंबर मोडली आहे.

हॉस्पिटलात शुद्धीवर आली तेव्हा मला विचारलं, "टँकर थांबला ना, पोरी?"

थांबला, मावशी.