नवी कॅसेट आणि पेंगुळलेले गणपती

२ जुलै १९९६, पेण. दुपारी ४.

शांती एकदा हॉस्टेलच्या गच्चीवर म्हणाली होती, "वृंदे, तुला हे आवडलंय, की तू आवडून घेतेयस?" साल १९७४. ग्रॅनाइट हाउंड या इंग्रजी बँडची पहिली रेकॉर्ड नुकतीच ऐकून झाली होती. कानात शिट्टी वाजत होती. मी म्हणाले, आवडलंय. आज हे का आठवलं कोण जाणे.

महत्त्वाचं. नऊ वर्षांनी बँडची नवी कॅसेट आली. 'क्वाएट हार्बर'. भावाने मुंबईहून पाठवली. रविवारी ती घेऊन रोह्याला शांतीकडे. बावीस वर्षांचा रिवाज आहे. नवा अल्बम पहिल्यांदा दोघींनी मिळून ऐकायचा. सतरंजीवर बसून, दोन्ही बाजू संपेपर्यंत अवाक्षर न काढता. तिला सातवा महिना होता तेव्हाही ऐकला. तिचे यजमान गेल्यापासून तिने टेपरेकॉर्डर लावलेला नाही. तीन वर्षं झाली. रविवारी लावेल.

संकल्प: तोवर कॅसेटवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढायचं नाही.

२ जुलै, संध्याकाळी ६.

प्लॅस्टिक काढलं. कोकणात बंद वस्तूला बुरशी येते.

६.२०.

फक्त पहिलं गाणं ऐकणार. कॅसेट सदोष निघाली तर शांतीचा रविवार फुकट जाईल. हे ऐकणं नव्हे, टेस्टिंग.

७.१०.

ए बाजू पूर्ण झाली. टेस्टिंग अर्धवट सोडण्यात अर्थ नसतो. गाणी संथ आहेत. ड्रमवाला बहुधा शेजारच्या खोलीत बसलाय. जिथे गिटार कडाडायला हवी तिथे कीबोर्ड. याला प्रौढत्व म्हणतात. सगळ्यांना कळणार नाही.

८.३०.

बी बाजू डोळे मिटून ऐकली. अतिशय शांत परिणाम. डोळे उघडले तेव्हा नवऱ्याने, त्र्यंबकने, कुकर उतरवून ताटंही घेतली होती.

४ जुलै.

निकेशला कॉपी करून दिली. निकेश हमरापूरचा. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करतो. सात वर्षांपूर्वी मूर्ती ठरवायला गेले तेव्हा कारखान्यात हाउंड वाजत होता आणि हा त्या तालावर भुवई ओढत होता. तेव्हापासून आमचा चाहत्यांचा संघ. मी अध्यक्ष. शांती रोहा शाखा. एका गाण्यात दोन मूर्तींचे डोळे होतात, असं त्याचं गणित आहे. त्याला म्हटलं, घाईने मत बनवू नकोस, दहा वेळा ऐक. तो म्हणाला, "दहा वेळा ऐकायला लागतं म्हंजे कायतरी झोल हाय बाई."

६ जुलै.

शांतीला फोन. बोलण्याच्या ओघात म्हटलं, दुसरं गाणं तुला आवडेल. शांती म्हणाली, "म्हणजे ऐकलीस."

मी टेस्टिंगचं समजावलं. बुरशीचंही समजावलं.

ती म्हणाली, "बरं. उद्या येऊ नकोस. पाहुणे आहेत."

शांतीकडे पाहुणे? तिला पाहुणे अजिबात खपत नाहीत. माझं निदान: तिला कुठून तरी कीबोर्डची कुणकुण लागली आहे. ती पहिल्यापासून कीबोर्डविरोधी.

संकल्प: महिनाअखेरीपर्यंत शांतीचं मत बदलायचं.

११ जुलै.

शांतीसाठी मार्गदर्शिका लिहून पूर्ण. नऊ पानं. वरती 'आधी हे वाच, मग ऐक'. नववीच्या भूगोलाच्या वह्या तपासायच्या तशाच राहिल्या, पण वाऱ्यांचे प्रकार कुठे पळून जात नाहीत. कॅसेट आणि पानं एका पाकिटात घालून सकाळच्या रोहा गाडीच्या कंडक्टरकडे, कान्हूकडे, दिली. नागोठण्यात चहाला उतरेल तेव्हा पाकीट सीटवर ठेवू नकोस, असं तीनदा सांगितलं.

१२ जुलै.

कान्हूने पाकीट परत आणलं. म्हणाला, "बाईंनी घेतली नाय. बोलल्या, ती ऐकून झालेली हाय, तिलाच दे."

ऐकून झालेली? कुणाकडे ऐकली? रोह्यात दुसरं कोण ऐकतं? धाटावच्या कंपनीतला कोणी इंजिनिअर असणार. माझ्या पाठीमागे संघ फुटतोय.

मन दुखावलं. पण अध्यक्षाने असं दाखवू नये.

१९ जुलै.

कारखान्याचे मालक दत्तात्रेयशेठ यांनी निरोप धाडून बोलावलं. गेले. फळीवर चाळीस गणपती ओळीने बसवलेले. सगळ्यांच्या पापण्या अर्ध्या खाली.

शेठ म्हणाले, "बाई, तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच सांगा, हा देव भक्ताकडं बघतोय का उशीकडं?"

निकेश खाली मान घालून ब्रश धूत होता. "हात जड होतो बाई. गाणं लागलं की पापणी आपोआप खाली येते."

मी म्हटलं, डोळे ध्यानस्थ आहेत. शेठ म्हणाले, "ध्यान त्याने आपल्या घरी करावं. माझ्या गिऱ्हाइकाला जागा देव पाहिजे." चाळीस मूर्तींच्या डोळ्यांवर पांढरा मारून पुन्हा आखणी. कारखान्यात नव्या कॅसेटला बंदी.

निघताना निकेशने माझी कॉपी परत दिली. "वाईट नका वाटून घेऊ. वाजवणारी मानसं दमल्यासारखी वाटतात. जुनी बरी आपली."

सामान्य श्रोत्याची मर्यादा. पण येताना रस्ताभर पाऊल उचलत नव्हतं. चपला ओल्या होत्या म्हणून.

२३ जुलै.

मुंबईच्या संगीत मासिकात चाहत्यांची पत्रं. एकूण चौदा. तेरा संतापलेली. एकाने सगळ्या जुन्या रेकॉर्डी विकायला काढल्यात. दुसरा म्हणतो, माझं तारुण्य परत द्या. चौदावं पत्र बुलबुलतरंग कुठे दुरुस्त होतो, या चौकशीचं. म्हणजे सगळेच विरोधात नाहीत.

तनया म्हणाली, "आई, दातांच्या डॉक्टरकडे असलंच लावतात." सोळाव्या वर्षी इतका कोरडेपणा कुठून येतो? मी असल्या वयात गच्चीवर रडले होते ते गाणं ऐकून.

संकल्प: घरात यापुढे मतं विचारायची नाहीत.

२८ जुलै. सकाळ.

त्र्यंबक दाढी करताना गुणगुणत होता. ओळखीची चाल. दारात उभी राहून ऐकलं. 'क्वाएट हार्बर'. ए बाजू, चौथं.

ज्या माणसाने अठरा वर्षं हाउंड लागला की अंगणात जाऊन मोगऱ्याला पाणी घातलं, पावसाळ्यातही घातलं, तो म्हणाला, "या वेळी तुझी मंडळी माणसात आली. आणि बी बाजू तर फारच छान. तुला त्यातलं कुठलं आवडतं?"

मी म्हटलं, तिसरं. त्यातले शब्द.

तो म्हणाला, "तिसऱ्यात शब्द नाहीत. नुसता लाटांचा आवाज आहे."

मी म्हटलं, म्हणूनच.

याने माझी बाजू घ्यायला नको होती.

३१ जुलै.

बी बाजू नीट ऐकण्याचे प्रयत्न, या आठवड्यातले.

सोमवार, दुपारी, आरामखुर्चीत. दुसऱ्या गाण्यापर्यंत आठवतं. पोहे जास्त झाले होते.

मंगळवार, पाटावर ताठ बसून, कॉफी घेऊन. पहिल्या गाण्यापर्यंत. कॉफीत दूध जास्त.

आज, उभ्याने. कपाटाला टेकले ही चूक. तनयाने हलवून उठवलं, ती बराच वेळ हसत होती.

शांतीचा फोन नाही. महिना संपला.

४ ऑगस्ट, रविवार. संध्याकाळ.

न कळवता रोह्याला गेले. सोबत कॅसेट आणि मार्गदर्शिका, आता अकरा पानं.

शांतीने दार उघडलं, चहा टाकला. पाहुणे नव्हते. इंजिनिअरही नव्हता. कोनाड्यात टेपरेकॉर्डर. पुसलेला. त्याच्या खाली सतरंजी, धुऊन घडी घातलेली.

मी कीबोर्डबद्दल बोलायला लागले. प्रौढत्वाबद्दल बोलले. पान चार वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "मला कीबोर्डचं काय करायचंय, वृंदे? तू सांगितलंस कॅसेट येतेय, म्हणून जूनमध्येच टेपरेकॉर्डरचा बेल्ट बदलून आणला. हे गेल्यावर पहिल्यांदा. एकटीने लावायचं धाडस होत नव्हतं म्हणून तुझी वाट बघत बसले."

मी म्हटलं, अगं, एक कॅसेट ती.

ती म्हणाली, "हो ना. एकच." आणि कप विसळायला आत गेली. नळ बराच वेळ चालू होता. मग आतूनच म्हणाली, "साडेपाचची गाडी चुकेल तुझी."

गाडीत कान्हू होता. म्हणाला, "बाई, पाकीट परत चाललं का?" मी खिडकीकडे तोंड केलं.

५ ऑगस्ट. पहाटे.

शांतीला पत्र. कच्चा मसुदा इथेच करते, वहीतली पानं उरलीत. मार्गदर्शिका बंबात घातली. त्र्यंबकच्या अंघोळीचं पाणी तापलं, एवढा तिचा उपयोग झाला.

शांती,

टेस्टिंग वगैरे काही नव्हतं. धीर धरवला नाही. तू वाट बघत असशील हे मला माहीत होतं, तरी लावली. ए बाजू फार रटाळ आहे. हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. कळल्यावर जास्तच जोरात बोलत सुटले.

बी बाजू मी ऐकलेली नाही. दर वेळी झोप लागली. खोटं वाटलं तर तनयाला विचार, ती गल्लीभर सांगत सुटलीय. म्हणजे अर्धा अल्बम अजून कोरा आहे. त्र्यंबकला आवडला, यावरून फार आशा ठेवण्यात अर्थ नाही.

येत्या रविवारी तेवढी एक बाजू ऐकायला तुझ्याकडे येऊ का? तू नाहीच म्हणशील. लिहायचे कष्ट घेऊ नकोस, कान्हूकडे तोंडी सांगितलंस तरी चालेल.