चुन्याची रेघ

ताडकळस,
चैत्र वद्य ५, शके १८६२

तीर्थरूप दादांस,
उमादेवीचे शिरसाष्टांग शरणार्थ. वि. वि. वहिनी सुखरूप मोकळी झाली, मुलगी झाली, हे कळून फार आनंद झाला. मुलगाच होणार म्हणून तुम्ही पेढ्यांची तयारी केली होती म्हणे. आता बर्फीवर भागवाल, तर आत्याशी गाठ आहे! नाव मी ठरवलं आहे. पाळण्याशी उभी राहीन तेव्हाच सांगेन. रजेसाठी रुखसतीची अर्जी दिली आहे.

इथे पटकीचा जोर ओसरत नाही. गावाबाहेरच्या शेतात तंबू ठोकून सरकारने छावणी केली आणि भोवती चुन्याची रेघ मारली. दुसरी नर्स आजारी पडून गेली, तिच्या जागी कुणी आलं नाही. डॉक्टर परभणीहून येतील तेव्हा खरे. शिरेतून द्यायचं मिठाचं पाणी संपलं, की मी नुसती हात धरून बसते. घरची माणसं रोग्याला रेघेवर ठेवतात आणि मागे न पाहता निघून जातात. मला त्यांचा भारी राग येतो. आपलं माणूस ना ते!

आईला सांगा, मी वेळेवर जेवते. हे खोटं आहे, पण सांगा.
तुमची माया आहे तशीच राहो.
आपली, उमा


पूर्णा,
चैत्र वद्य १०

चि. उमाताईस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. तुझा निरोप ऐकून ती हसली, म्हणजे तिने ओळखलं.

बारसं पुढे ढकललं आहे. आपले गुरू अय्यास्वामी परगावी गेले आहेत, ते आल्यावर लिंगधारणा आणि बारसं एकदमच उरकू. तेव्हा तू आता रजा घेऊ नकोस. आपल्या लिंगायतांत विटाळ-सुतक मानत नाहीत, हे तुला सांगायला नको. पण गावाचं तोंड कोण धरणार? तू पटकीत राबतेस, हे सगळ्यांना ठाऊक आहे. वहिनी ओली बाळंतीण, तिला घोर लागतो. तुझं काम मोठ्या पुण्याचं आहे. गावचे पाटील आबासाहेब चावडीवर तुझं नाव अभिमानाने घेतात. थोडी कळ काढ.
प्रकृतीस जप.
तुझा, कल्याणराव


ताडकळस,
वैशाख शुद्ध ४

तीर्थरूप दादांस,
शरणार्थ. रजा मिळाली होती, दादा. तुमचं पत्र आलं म्हणून मीच ती परत केली.

काल बाजाराहून तानुबाई कासारणीला इथे आणून टाकलं. आपल्या घरी बांगड्या भरते तीच. तिने मला ओळखलं आणि तेवढ्या दुखण्यातही कौतुकाने सांगू लागली, की लय गोड पोर हाय, तुमच्या आजीचं मल्लम्मा नाव ठिवलंय, बारशाला समद्या बायांना हिरव्या बांगड्या भरल्या, आन् आत्या दिसली न्हाई म्हणून आमी इचारलं बी. कुणी काय उत्तर दिलं, ते मी तिला विचारलं नाही.

पुढचं लिहिताना मान वर होत नाही. संध्याकाळी ती पाणी मागू लागली. मी तंबूमागे बादली पालथी घालून बसले होते आणि सगळं ऐकत होते. तिने आधी नर्सबाई म्हणून हाक मारली, मग उमाताई म्हणून. पाय थकले होते म्हणावं, तर ते रोजच थकतात. माझं मनच उठलं नाही. शेवटी पखालवाल्या सटवाजीने तिला पाणी पाजलं. ती सकाळी गेली. डॉक्टर म्हणतात, वाचणारी नव्हतीच. पण तहानेला तर औषध होतं ना, दादा? ते माझ्या हाताशी होतं. मला रडूही आलं नाही.

माझ्या कामाला आता पुण्याचं म्हणू नका. लाज वाटते.
उमा


पूर्णा,
वैशाख शुद्ध ११

चि. उमाताईस,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

पत्र वाचलं आणि गाडी जुंपली. तुझ्या वहिनीने भाकऱ्या, तिळाची चटणी आणि बारशाचं तुझं लुगडं बांधून दिलं. वाटभर ठरवत होतो, की तुझे पाय धरीन, तुला झोपायला लावीन आणि दिवसभर मी पाणी वाहीन. रेघेपाशी पोचलो. दोन्ही हातांत बादल्या घेऊन तू चालली होतीस. पाठमोरी पाहिली, तर मला आईच वाटलीस, इतकी वाकली आहेस.

उमा, मला ती रेघ ओलांडवली नाही. घरात तान्हं पोर आहे, असं मनाशी म्हणालो. पण खरं म्हणजे भ्यालो. गाठोडं रेघेवर ठेवलं आणि मागे न पाहता गाडी वळवली. सुतक न मानणारा तुझा दादा हा असा.

आईला सांगितलं, उमा भेटली, बरी आहे. तिने विचारलं, काय म्हणाली? काय सांगू, ते तूच कळव.
क्षमा मागण्याचं तोंड नाही.
कल्याणराव


ताडकळस,
वैशाख पौर्णिमा

तीर्थरूप दादांस,
शिरसाष्टांग शरणार्थ. वि. वि. गाठोडं मिळालं. चटणी सटवाजीला फार आवडली.

तुम्ही आलात ते मला कळलं होतं, दादा. बैलांच्या घुंगरांवरूनच ओळखलं. मुद्दाम वळून पाहिलं नाही. तुम्ही आत आला असता, तर मला तुमच्याशी बोलावं लागलं असतं, रडावं लागलं असतं, तुम्हाला समजवावं लागलं असतं. गाडी वळली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. सख्खा भाऊ दारातून परत गेला आणि बहिणीला हायसं वाटलं! तुम्ही तुमची लाज कळवलीत, ही माझी.

नवीन नर्स येणार म्हणतात. ती आली, की मी आधी झोपेन, मग घरी येईन. ओसरीवर बसवलंत तरी बसेन.

मी बाळासाठी ठरवलेलं नाव आठवून पाहिलं. आठवत नाही, दादा. आईला सांगा, उमा म्हणाली, आजीचं ठेवलंत, बरं केलंत.
लोभ उरला असेल, तर माझ्यासाठी राखून ठेवा.
आपली, उमा