फळ्यांवरची दरी

३ फेब्रुवारी

मिलिंदने दरी आणली – इकडे हिंदीत सतरंजीला दरी म्हणतात. निळी, जाड, भिंतीपासून भिंतीपर्यंत. दुकानातला माणूस अंथरून गेला. "भाभीजी, अब पैर ठंडे नहीं होंगे."

माझे पाय कधी गारठले नव्हते. मला उघड्या फळ्याच आवडतात. दारापासूनची चौथी कुरकुरते. ती कुरकुरली की मला सात पावलं मिळतात – इराला न्हाणीघरात ढकलायला, तिने आतून कडी लावायला.

आता काही ऐकू येत नाही!

४ फेब्रुवारी

दरी का आली ते कळलं. परवा त्याने मला आपटलं तेव्हा खाली गोदूबाईंच्या तक्तपोशीतून धूळ गळली – थेट चहात. गोदूबाई म्हणजे घरमालकीण. निवृत्त नर्स. आमची जमीन तेच त्यांचं छत. जिन्यात त्याला अडवून म्हणाल्या, "मिलिंदजी, वर रोज काय कांडता?"

तो हसला. वर आला. "लोकांना तमाशा दाखवतेस?"

दरीवर डोकं आपटलं तर आवाज होत नाही. आज पाहिलं. तीन वेळा.

५ फेब्रुवारी

ओठ शिवला. शिकवायला गेले नाही.

७ फेब्रुवारी

पुण्याहून बकुळाचा, माझ्या बहिणीचा फोन. इराने उचलला. तिचं मराठी अर्धं हिंदी.

"मावशी, बाबांनी दरी आणली!"

"दरी? घरात? अगं, कुणी पडलं म्हणजे!" बकुळा खूप हसली.

"आई पडते," इरा म्हणाली.

बकुळा आणखी हसली.

९ फेब्रुवारी

दुपारी दरी गुंडाळून कोपऱ्यात उभी केली. फळ्या पुसल्या. गार, कोरड्या, प्रामाणिक.

तो आला. चौथी बोलली. सात पावलं – इरा आत.

मग पट्टा. बकलाच्या बाजूने. नंतर दरी पुन्हा अंथरायला लावली. गुडघ्यांवर, एका हाताने. दुसरा उचलत नव्हता.

१० फेब्रुवारी

मनगट मोडलंय. गोदूबाईंनी पट्टी बांधली.

"बकुळाकडे जाते," मी म्हटलं.

"गेली होतीस की. स्टेशनवरून केसांना धरून आणलंन ना?"

गाठ मारून त्यांनी वर पाहिलं. "तक्तपोशीचे खिळे गंजलेत सगळे. खालून काठीने ढोसलं तरी फळी उचलली जाते."

 

१३ फेब्रुवारी

काल तो कधी आला कळलंच नाही. इरा पाटावर चित्र काढत होती. तिच्या गालावर चार बोटं. कानातून रक्त.

रडली नाही. मला विचारलं, "आई, आवाज का नाही आली?"

आवाज आला नाही, असं म्हणायचं. मी सुधारलं नाही.

१४ फेब्रुवारी

गोदूबाईंकडून पक्कड आणली.

१६ फेब्रुवारी

इरा खाली, गोदूबाईंच्या स्वयंपाकघरात. गोदूबाईंनी आपली खाट खिडकीशी सरकवली आहे.

चौथी फळी आणि तिच्या शेजारच्या तीन उचकटून पलंगाखाली ठेवल्या. दरी आज मीच अंथरली. ताणून. एक सुरकुती नाही.

सहा वाजले. जिन्यात बूट.

दरीखाली दरी आहे.