त्र्याहत्तरावी सागरी पायदळ रेजिमेंट पुन्हा बरखास्त करण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष डॉ. नरेंद्र करमरकर,
रॅरिटन खोरे मराठी मंडळ,
आयसेलिन, न्यू जर्सी.

विषय: श्री. तुकोजी राव यांना मंडळाने दिलेल्या पहाऱ्यावरून स्वतः येऊन मोकळे करण्याबाबत.

संदर्भ: १) माझे यापूर्वीचे दोन अर्ज. २) सचिव सौ. सुनेत्राताईंचे ई-मेल, ज्यात "घटनेप्रमाणे कार्यकारिणीकडे येणारा विषय मराठी अर्जाच्या स्वरूपातच यावा" असे कळवले आहे.

महोदय,

मी मंडळाची सदस्य असून रसायनशास्त्रात एम.एस. केले आहे. सध्या येथील एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. श्री. तुकोजी राव, ज्यांना मंडळात सगळे राव काका म्हणतात, हे माझ्या सहकारी वसुधाताई राव यांचे वडील. त्यांच्या वतीने आणि वसुधाताईंच्या संमतीने हा तिसरा अर्ज करत आहे. आधीच्या दोन अर्जांत मी फक्त विनंती केली, कारणे पुरेशी दिली नाहीत. या वेळी ती सविस्तर देते.

१. राव काका तंजावरच्या मराठी घराण्यातले, पण जन्माने कारैकालचे. तो भाग तेव्हा फ्रेंचांचा होता. विशीच्या आतच ते फ्रेंच सैन्यात भरती झाले आणि इंडोचीनमध्ये व नंतर अल्जीरियात नोकरी करून फ्रान्समध्ये मार्सेयला स्थायिक झाले. पत्नी तमिळभाषक होत्या, मुलीची शाळा फ्रेंच. त्यामुळे घरात मराठी कधी बोलली गेली नाही. वसुधाताईंना मराठीचे जेमतेम चार शब्द येतात. पाच वर्षांपूर्वी त्यांनी वडिलांना इकडे आणले. गेल्या वर्षीपासून काकांची स्मृती जाऊ लागली. आधी इंग्रजी गेली, मग फ्रेंच, मग तमिळ. आता लहानपणीची तंजावरी मराठी तेवढी उरली आहे. म्हणजे आज वडील जे बोलतात ते मुलीला समजत नाही. "काकांना चार मराठी माणसांत बसू दे" असे मीच सुचवले आणि दोघांना गणेशोत्सवाला घेऊन आले.

२. विसर्जनाच्या दिवशी काय घडले ते आपल्याला आठवत असेलच, तरी नोंद असावी म्हणून लिहिते. भाड्याने घेतलेल्या शाळेच्या पार्किंगमध्ये आपण भगवा फेटा आणि उपरणे घालून, शिट्टी वाजवत लेझीम पथकाला हुकूम देत होतात. राव काका आपल्यासमोर ताठ उभे राहिले आणि त्यांनी सलाम ठोकला. आपल्या मंडळात रिकामे बसलेल्या ज्येष्ठांना काही ना काही काम देऊन बिल्ला लावायची पद्धत आहे. ती चांगलीच आहे. त्याच पद्धतीने आपण हसत त्यांच्या अंगात स्वयंसेवकाचे नारिंगी जाकीट चढवले आणि म्हणालात, "राव, हे पार्किंग तुमचं! मी सांगेपर्यंत हलायचं नाही बरं का!" सगळे हसले. कार्यकारिणीतले संजय केळुसकर म्हणाले, "काका, एक पण गाडी आत सोडू नका, माझी सोडून." त्यावरही सगळे हसले.

मग आरती झाली, जेवणे झाली, मंडळी पांगली. काकांना कोणीही "आता झालं" असे सांगितले नाही. आम्ही त्यांना गाडीत बसवून घरी आणले, तेव्हा ते सारखे मागे वळून पाहत होते.

३. दुसऱ्या दिवशी सकाळी ते घरात नव्हते. जाकीट घालून, ओक ट्री रोडने, साड्यांच्या दुकानांवरून चालत ते शाळेच्या पार्किंगमध्ये जाऊन उभे राहिले होते. तेव्हापासून संधी मिळेल तेव्हा ते तिथेच जातात. दाराला दुसरे कुलूप लावले, तर त्यांनी खिडकीतून उतरायचा प्रयत्न केला आणि गुडघा सोलवटून घेतला. शाळेने दोनदा पोलिसांना बोलावले. पोलीस सभ्यपणे वागले, पण पुढच्या वेळी वृद्धसेवा खात्याला कळवावे लागेल असे सांगून गेले. आता नोव्हेंबर आहे. मागच्या आठवड्यात सकाळच्या गारठ्यात ते पातळ सदऱ्यावर उभे होते. हाताची बोटे निळसर पडली होती. त्यांना बंदिस्त शुश्रूषागृहात ठेवावे असे वसुधाताईंना दोन ठिकाणांहून सुचवले गेले आहे. तिथे मराठी समजणारे कोणी नाही. माझी सगळी धडपड हे टाळण्यासाठी आहे.

४. मंडळाने आजवर केलेल्या उपायांबद्दल आभार मानून, त्यांचा परिणामही नमूद करते. पहिल्या अर्जानंतर कार्यकारिणीने घरी येऊन शाल, श्रीफळ आणि "उत्कृष्ट स्वयंसेवक" असे सन्मानचिन्ह देऊन काकांचा सत्कार केला. ठाणे राखल्याबद्दल पदक मिळाले असा त्यांनी अर्थ घेतला आणि ते आणखी लवकर निघू लागले. दुसऱ्या अर्जानंतर संजय केळुसकर पार्किंगमध्ये जाऊन म्हणाले, "काका, यू आर फ्री! बस झालं, घरी चला यार." काकांनी विचारले, "हुकूम कोणाचा?" संजय म्हणाले, "कमिटीचा." काका म्हणाले, "कमिटी मज ठाऊक नाहीं." त्यानंतर आपण फोनवरून बोललात. काकांनी फोन कानाला लावून ऐकला, मला परत दिला आणि सांगितले, "तोंड दिसल्याविना हुकूम नाहीं."

सौ. सुनेत्राताईंच्या शेवटच्या ई-मेलमध्ये असे आहे, की मंडळाने असा कोणताही पहारा अधिकृतपणे दिलेला नाही, असे जाहीर पत्रक काढण्याचा ठराव विचाराधीन आहे. विम्याच्या दृष्टीने ते योग्य असेल. पण काकांच्या दृष्टीने त्या पत्रकाचा अर्थ एवढाच होईल, की ज्याने उभे केले त्याने ओळख नाकारली. कृपया तो ठराव थांबवावा.

५. आता मुख्य मुद्दा. ते असे का वागतात हे कळावे म्हणून मी त्यांच्या रेजिमेंटचा इतिहास शोधला. माझा हा विषय नाही, त्यामुळे जिथे खात्री नाही तिथे तसे लिहिले आहे.

त्र्याहत्तरावी रेजिमेंट एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्सच्या तुलों बंदरात उभी राहिली. तिचे नाव सागरी पायदळ. हे नौदल नव्हे, हे मुद्दाम सांगते, कारण कार्यकारिणीच्या बैठकीत सदस्य अमितने "मग काकांना बोटीवर न्या ना" असा विनोद केला होता. वसाहतींत जहाजाने जाऊन जमिनीवर लढणारे हे पायदळ. टोपीवर जहाजाच्या नांगराचे चिन्ह असे. पुढे तिचे नाव वसाहती पायदळ झाले, वसाहती संपत आल्यावर ते पुन्हा सागरी झाले. पहिल्या महायुद्धानंतर ती बरखास्त झाली आणि दुसऱ्यानंतर पुन्हा उभारली गेली. त्याच वेळी राव काका तिच्यात आले. अल्जीरिया सोडल्यावर, १९६३च्या उन्हाळ्यात, ती कायमची बरखास्त झाली. या रेजिमेंटने ज्या लोकांवर बंदुका रोखल्या त्यांच्या बाजूनेही इतिहास आहे, आणि तो सुखाचा नाही. काकांना त्यातले किती आठवते मला माहीत नाही. झोपेत ते कोणाची तरी क्षमा मागतात. कोणाची, ते कळलेले नाही.

मार्सेयच्या माजी सैनिकांच्या संघटनेतून एका निवृत्त कॉर्पोरलचा फोन नंबर मिळाला. वसुधाताई फ्रेंचमध्ये बोलल्या, मी प्रश्न विचारत गेले. कॉर्पोरलना राव चांगले आठवतात. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, पहारेकऱ्याला ठाण्यावरून फक्त ज्याने उभे केले तोच, किंवा त्याने समोर आणलेला माणूसच हलवू शकतो. दुसरी, रेजिमेंट बरखास्त झाली तेव्हा सगळे मैदानात उभे होते. कमांडंटने आदेश वाचला, निशाण गुंडाळून कातडी पिशवीत घातले आणि रांगा मोडल्या. मोठमोठे शिपाई रडले. राव तिथे नव्हते. त्यांना कावीळ झाली होती आणि ते मार्सेयच्या लष्करी इस्पितळात होते. त्यांना बरखास्तीचा कागद टपालाने गेला.

म्हणजे महोदय, रेजिमेंट संपली हे राव काकांना कोणी समोर येऊन कधी सांगितलेच नाही. माणूस शहाणासुरता असताना कागद पुरतो. आता कागद त्यांना वाचता येत नाही.

आणखी एक तर्क मांडते. हा पुरावा नाही, तर्कच आहे. पंधरा वर्षांच्या नोकरीत त्यांना सगळे हुकूम परक्या भाषेत मिळाले. स्वतःच्या भाषेत, भरल्या मैदानात, रांगेतल्या माणसांसमोर मिळालेला पहिला हुकूम आपला होता. तो इतका खोल गेला त्याचे कारण हेच असावे. ते आपल्याला "कमांडां", म्हणजे कमांडंट, म्हणतात. उरलेल्या तीन-चार फ्रेंच शब्दांपैकी तो एक आहे.

६. आपण फोनवर मला म्हणालात, "बेटा, मी हाडांचा डॉक्टर असलो तरी डॉक्टर आहे. पेशंटच्या भ्रमात मी नाटक करून भर घालणार नाही." ही हरकत मला मान्य आहे. माझीही सुरुवातीला हीच होती. पण भर त्या दिवशी पडली, अजाणता पडली. आता विनंती आहे ती संपवण्याची. मेंदूविकाराच्या डॉक्टरांना आम्ही विचारले. करून पाहायला त्यांची हरकत नाही, मात्र परिणामाची खात्री ते देत नाहीत.

परिणामाबद्दल मीही काही लपवत नाही. पहारा आहे म्हणून काका सकाळी उठतात, दाढी करतात, जेवतात. पहारा गेल्यावर ते खाटेवर पडून राहतील, अशी भीती मला आहे. म्हणून मी एक मधला मार्ग सुचवला होता, की ठाणे बदलून घराच्याच दाराशी पहारा द्यावा. म्हणजे थंडी नाही, पोलीस नाहीत, आणि त्यांचे कामही राहील. वसुधाताई म्हणाल्या, "माझ्या दारात मला शिपाई नको. मला वडील हवेत. आणि वडील उरले नसतील, तर तेही मला कळू दे." त्यानंतर मी तो मार्ग सोडून दिला.

७. तरी माझी नम्र विनंती पुढीलप्रमाणे आहे.

आपण येत्या शनिवारी सकाळी त्याच पार्किंगमध्ये यावे. शाळेची परवानगी मी घेतली आहे. फेटा आणि उपरणे त्या दिवशीचेच असावे. रस्त्यावरचे लोक पाहतील, याची मला कल्पना आहे. हार, नारळ, भाषण आणि कॅमेरा नसावा. हसू नये. संजय केळुसकरांना सोबत आणण्यास हरकत नाही, फक्त त्यांनी बोलू नये. वृद्धांच्या राहण्याची एखादी सोय मंडळाच्या ओळखीत असेल तर ती माहिती नंतर द्यावी, त्या दिवशी नको.

आधी पहारा काढावा. मग आदेश वाचावा. आदेशाचा मसुदा काकांच्याच बोलण्यातले शब्द घेऊन मी केला आहे ("अस्की" म्हणजे सगळे):

"शिपाई तुकोजी राव. ठाणें तुम्ही राखिलें. पहारा उठला. त्र्याहत्तरावी रेजिमेंट आजपासून बरखास्त जाहली. अस्की लोक घरीं गेले. तुम्हांसही मोकळीक आहे."

यापेक्षा एकही शब्द अधिक नको. "थँक यू" तर नकोच.

८. शेवटची एक गोष्ट कॉर्पोरलनी फोन ठेवताना सांगितली. आदेश वाचून झाल्यावर कमांडंट रांगेतल्या प्रत्येकासमोर थांबले आणि "तू कुठे जाणार?" असे विचारत गेले, कारण त्या गावापर्यंतचा रेल्वेचा पास प्रत्येकाला मिळणार होता. राव इस्पितळात असल्याने त्यांना हे कोणी विचारले नाही.

तो प्रश्न आपण विचारावा. काय उत्तर येईल मी सांगू शकत नाही. कारैकाल म्हणतील, सायगॉन म्हणतील, किंवा जे गाव आता नकाशावर त्या नावाने नाही असे एखादे सांगतील. वसुधाताई त्यांचा कोट हातात घेऊन शेजारीच उभ्या असतील. त्यांना सगळे समजणार नाही, पण गावाचे नाव समजेल. ते जे नाव घेतील त्याला आपण "मंजूर" म्हणावे. त्या गावात वसुधाताईंचे घर नसले तरी म्हणावे. ही त्यांचीच विनंती आहे, आणि ती जशीच्या तशी आपल्यापुढे ठेवण्याचे मी त्यांना कबूल केले आहे.

शनिवारी सकाळी आपली वाट पाहत,

आपली नम्र,
नेत्रा खरवंडीकर
एडिसन, न्यू जर्सी
१३ नोव्हेंबर २००६

सोबत: १) मेंदूविकाराच्या डॉक्टरांचे पत्र. २) शाळेची लेखी परवानगी. ३) विसर्जनाच्या दिवशीचे छायाचित्र. आपण फेटा कोणत्या बाजूला कलता बांधला होता ते त्यात दिसते.