बंदिस्त जागा

बाई, तुमच्या चर्चनं सरकारविरुद्ध कोर्टात धाव घेतली होती आणि सरकारच्या बाजूचे कागद मी तयार केले होते. तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी कलेक्टर ऑफिसात अव्वल कारकून आहे.

महासाथीच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. बाजार, हॉटेलं, दारूची दुकानं वेळ ठरवून उघडली होती. देवळं, मशिदी, चर्च मात्र आदेशानं बंदच. त्याच पावसाळ्यात तुमच्या धाकट्या भावाची बायको हृदयविकारानं गेली. मोजक्या माणसांत दफन झालं, चर्चला कुलूप. भाऊ चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी. त्यांनी ऑफिसला अर्ज केले, उत्तर गेलं नाही. मग मुंबईतली काही चर्च हायकोर्टात गेली, त्या याचिकेत त्यांनी तुमच्या चर्चचंही नाव घातलं. प्रत द्यायला आले तेव्हा मला ओळखून म्हणाले, "बाय, तू आमच्या ताईच्या वर्गातली ना? आम्हाला सरकारशी भांडायचं नाही गो. वीस माणसं लांब लांब बसू. तिच्यासाठी एकदा प्रार्थना व्हावी, एवढंच." मी पोच म्हणून शिक्का मारून दिला.

कोर्टात उत्तर द्यायला जिल्ह्याकडून माहिती मागवली गेली. साहेबांनी मला सांगितलं की लिहा, जागा बंदिस्त आहे, हवा खेळती नाही. कोणी पाहून आलंय का, असं मी विचारलं, तर म्हणाले, त्यात पाहायचं काय. त्यांना वाईट म्हणता येणार नाही. त्यांचा सख्खा भाऊ चिपळूणच्या एका लग्नाला गेला, आजारी पडला आणि उठलाच नाही. गर्दी म्हटलं की त्यांना तेच लग्न आठवायचं. आदेश चुकीचा होता, असं मलाही आज छातीठोकपणे सांगता येत नाही.

त्या दुपारी मला सातवीतला निबंध आठवला. पूर्णगडच्या सहलीला मी तापामुळे आले नव्हते, पण मैत्रिणीला विचारून दोन पानं भरली होती. तुम्ही वही मिटता, मला टेबलाजवळ बोलावता आणि हळू आवाजात म्हणता, "छान आहे. पण तू आली नव्हतीस." बाकी काही नाही. पुढच्या रविवारी उपासना आटोपून तुम्ही आमच्या घरी येता, आईला सांगून मला एसटीनं पूर्णगडला नेता. किल्ल्यात काही दाखवत नाही, समजावत नाही. सावलीत बसून राहता आणि मी एकटी तटावरून फिरते, समुद्राकडच्या दरवाजात उभी राहते. परत येताना एसटीत खोबऱ्याची वडी देऊन म्हणता, "आता लिही."

म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी चर्चला गेले. तुमच्या भावांनी कुलूप काढलं. दोन्ही भिंतींना मिळून सात मोठ्या खिडक्या. त्यांनी एकेक उघडली तसा वारा आरपार वाहू लागला. मी तसं लिहून साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी ते वाक्य खोडलं आणि वर स्वतःच्या हातानं 'बंदिस्त जागा' असं लिहिलं. "उद्या माणसं दगावली तर खिडक्या जबाब देणार आहेत का?" ते शांतपणे म्हणाले. सरकारी वकिलांकडे जायची पक्की प्रत निघाली. खाली 'वस्तुस्थिती तपासली' असा शेरा होता आणि त्याखाली सहीची जागा. मी सही केली. केली नसती तर फार तर बदली झाली असती.

सुनावणी दोनदा पुढे गेली. तेवढ्यात सरकारनंच आदेश मागे घेतला आणि याचिका निकाली निघाली. कोण बरोबर, हे कोर्टानं सांगितलं नाही. चर्च उघडल्यावर तुमच्या भावजयीसाठी प्रार्थना झाली. मलाही बोलावलं होतं, मी मागच्या बाकावर बसले. नंतर बाहेर चहा घेताना भाऊ म्हणाले, "वकिलांनी सरकारचं उत्तर दाखवलं. तू तर खिडक्या मोजून गेलीस. मग बंदिस्त कोणी लिहिलं?"

"साहेबांनी," मी म्हटलं.

"असू दे," ते म्हणाले आणि बशीतली बिस्किटं माझ्यापुढे सरकवली.

कच्च्या प्रतीवरचं अक्षर साहेबांचंच होतं, बाई, पण माझ्या सहीचं मी तुमच्या भावांना सांगितलं नाही. ते अजून त्याच घरात राहतात, ऑफिसपासून दहा मिनिटांवर. आज खरं तर त्यांना लिहायला बसले होते. तुम्हाला लिहिलं, कारण हे पत्र कुणाला द्यावं लागणार नाही.