ट्रंकेतली वरची साडी

आई, कपाट उघडं टाकून मगापासून पलंगावर बसलेय. उद्या अंथुर्ण्याला लग्न आहे, भावाच्या मुलीचं, म्हणजे तुझ्या नातीचं, आणि माझं सगळं एका पर्सवर अडलंय. तू कमरेला खोचायचीस तसली चंची डोळ्यांपुढं आणू नकोस. ही परदेशी कंपनीची आहे, चामड्याची, खांद्याला लावायची. नोकरी सोडली तेव्हा माझी मीच घेतली. किंमत तुला सांगत नाही. 'एवढ्यात म्हस आली असती' म्हणाली असतीस, आणि म्हशी बऱ्याच आल्या असत्या. ती झाकून ठेवायला तिच्याबरोबर मऊ पांढरी पिशवीसुद्धा येते. अधूनमधून पिशवीतून काढायची, बघायची, परत आत घालायची. वापरायची म्हटलं की जीव वरखाली होतो, आणि ठेवून दिली की स्वतःचीच चीड येते. कंटाळा आलाय गं या सगळ्याचा.

तिच्या साखरपुड्याला कोऱ्हाळ्यात पर्स नेली होती. वहिनीनं हातात घेतली, उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाली, "वन्सं, रेग्झिनची हाय का? बरी दिसती. बारामतीत घ्येतली?" मी 'हो' म्हणून मोकळी झाले. म्हणजे बघ, दाखवायला म्हणून नेली आणि कुणाला कळलं नाही म्हणून राग आला. कळलं असतं तर काय काय बोलल्या असत्या, या विचारानं सुटल्यासारखंही वाटलं. पुण्यात उलटी तऱ्हा. इथं आमच्या सोसायटीतल्या बायका आधी पर्सकडं बघतात, मग माझ्याकडं, आणि गोड हसून विचारतात, "ओरिजिनल आहे?" आता यावर माणसानं काय पावती काढून दाखवायची? अशा वेळी हटकून तू आठवतेस. तू आणि ती मोरपंखी साडी.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मला ऑफिसातली नोकरी लागली होती आणि पहिल्याच दिवाळीला मी तुला रेशमी नऊवारी घेतली. मोरपंखी रंग, काठापदराला भरगच्च जर. दुकानदारानं ती गादीवर पसरली तेव्हा शेजारच्या बायका आपापल्या साड्या सोडून तिच्याकडं बघायला लागल्या. घरी आले तर तू चुलीपुढं भाकरी थापत बसली आहेस. मी घडी उलगडते आणि तू ओरडतेस, "लांब धर, लांब धर, हात पिठाचं हायत माझं." मग मनगटाच्या मागच्या बाजूनं काठाला हळूच शिवतेस. तव्यावरची भाकरी करपायला लागलीय आणि तुझं मनगट अजून काठावरच. मग एकदम खवळलीस. "ही नेसून जाऊ कुठं मी? उसात खुरपाय? तुझ्या आज्ज्याची हयात मेंढरांमागं गेली, आन मी बाजारात मांडून ठिवल्यागत रेशीम नेसून बसू व्हय? लोकं म्हनतील, लेकीला नोकरी काय लागली, हिचं पाय भुईवर ठरंनात." मला रडूच फुटलं. तू भाकरी उलटलीस आणि माझ्याकडं न बघता म्हणालीस, "नेसीन की. एखांद्या कार्याला नेसीन."

नेसली नाहीस. कार्यं येत गेली, तू तुझी सुती लुगडीच नेसत राहिलीस आणि साडी ट्रंकेत पडून राहिली, आहेराच्या साड्यांत. आपल्याकडची रीतच तशी. लग्नात आलेली साडी नेसायची नाही, घडी न मोडता ठेवायची आणि पुढच्या लग्नात दुसरीला द्यायची. कुठली कुणाकडून आली हे तुला तोंडपाठ असायचं, नाहीतर जिची तिलाच परत जायची. दर उन्हाळ्यात तू त्या सगळ्यांना ऊन दाखवायचीस. अंगणात बाज टाकायचीस, तीही नेमकी रस्त्याच्या अंगाला, आणि बाजेवर सगळ्यात वर मोरपंखी. आबा म्हणायचे, "रेशीम कशाला उनात घालती? रंग उडंल की." तू म्हणायचीस, "कसर लागती." जाणारी-येणारी बाई थांबायची, "आगं बया, कुनाची गं ही?" तू मान वर न करता डाळ निवडत सांगायचीस, "लेकीनं आणलीया. नगं म्हणलं तर ऐकती व्हय!" ऊन उतरलं की साड्या परत ट्रंकेत जायच्या आणि तिथंही तीच वर राहायची.

त्यातूनच पुढचं घडलं. चुलत्याच्या मुलीचं लग्न कळंबला होतं. तू आधीपासून चुलतीच्या घरी कामात बुडालेली. निघायच्या गडबडीत तिथूनच वहिनीला निरोप धाडलास, की नवऱ्यामुलाच्या आईसाठी आहेराची साडी आण, वरचीच घे, शोधत बसू नको. वहिनी नवीन होती. तिनं वरची घेतली, कागदात गुंडाळली, वर खण ठेवला आणि मांडवात आणून तुझ्या हातात दिली. माईकवर आहेर पुकारायला लागले. तू विहीणबाईंना कुंकू लावलंस, कागद बाजूला केलास आणि तुझे हात थांबले. मी शेजारीच होते, मला काठ दिसला. कुंकू लावून पुढं केलेला आहेर मागं घेता येत नाही, हे तुला कुणी सांगायला नको होतं. तू खण नीट केलास आणि साडी त्या बाईच्या ओटीत घातलीस. ती हरखूनच गेली. चुलत घरातून एवढा भारी आहेर कोण देतं? सगळा मांडव तुझं कौतुक करत होता आणि तू हातातल्या अक्षता नुसत्या चोळत उभी होतीस.

परतताना एसटीत मी तुझ्यावर भडकले. "नेसली असतीस तर गेली असती का?" तू म्हणालीस, "गेली तर गेली. कुनाच्या तरी अंगाला लागंल." वहिनी मुसमुसत होती, तिच्या पाठीवर हात ठेवलास. "गप बये. मीच म्हणलं वरची घे." पुढं त्या चुलतबहिणीच्या बाळाच्या बारशाला आपण परत कळंबला गेलो, तर त्या विहीणबाई तीच साडी नेसून दारात स्वागताला उभ्या. तू तोंडभर हसलीस. "शोभती हो तुमास्नी," म्हणालीस. परतीच्या वाटेवर मात्र खिडकीबाहेरच बघत राहिलीस. मग मी विचारलं नसताना म्हणालीस, "बुटकी हाय ती. काठ भुईला लागत व्हता. मला बराबर बसली असती." मला हसू आलं तेव्हा. आता येत नाही. तुला ती हवी होती, आई, पहिल्या दिवसापासून हवी होती, आणि तुझ्या अंगावर ती मी एकदाही बघितली नाही. त्यानंतर तू फार दिवस राहिलीही नाहीस.

उद्याच्या पत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' असं छापलंय. ट्रंक वहिनीनं धान्याला घेतलीय. तुझी पिढी नटायला लाजायची आणि आम्ही बघ कशा सुटलो, असं मी लेकीला मोठ्या तोंडानं सांगत असते. ती म्हणते, "मग वापर ना पर्स, कुणी अडवलंय?" खरंच, कुणी नाही. मलाच वाटतं, माझं लक्ष तिकडं आहे हे कुणाला दिसू नये, आणि पर्स मात्र सगळ्यांना दिसावी. दोन्ही कसं जमायचं? दमायला होतं. तुला बाज रस्त्याच्या अंगाला ओढताना असंच होत असेल का?

हे लिहिलेलं पाठवायचं तरी कुठं? पर्सच्या आत चेनचा एक कप्पा आहे, त्यात अजून काहीच ठेवलेलं नाही, तिथं घडी करून ठेवते. पर्स उद्या साध्या कापडी पिशवीत घालूनच नेणार आहे, चारचौघींत उगाच नको. फक्त पिशवीचं तोंड बांधणार नाही.