म्हातारी गाय बसेल का?

कुंभकोणम्, मासी महिना (माघ-फाल्गुन), शुक्रवार संध्याकाळ

मुत्तय्या दरवर्षी रामनाडहून गाई आणतो, कापणीनंतर आमच्या इन्नंबूरच्या शेतात चारतो, रात्री तिथंच बसवतो. शेताला शेणखत मिळतं. यंदा त्याच्याकडचं गवत आधीच करपलं, आणि अवकाळी पावसानं आमची कापणी लांबली. परवा फोनवर मी नाही म्हटलं. पण वाटेला लागलेली गुरं जाणार कुठं? काल मीच म्हटलं, नारळीच्या बागेत ये. ऊनही असं, निदान सावली...

आज आला. "अक्का, म्हातारी बसली की सगळ्या बसतील. नाहीतर आम्ही पुढं."

दुपारभर ती म्हातारी गाय उभीच. बसेल का ही? संध्याकाळी मी घरी निघताना बागेच्या फाटकातून मागं पाहिलं. म्हातारी बसून रवंथ करत होती, आणि मुत्तय्या चुलीसाठी दगड शोधत होता.